ताटाची डावी बाजू

या मालिकेत आपण तह, सनदा आणि किल्ले यांवर पुष्कळ बोललो. आज मला कोशिंबिरीवर बोलायचे आहे. हसू नका. मागच्या गौरींच्या जेवणात आमच्या घरी एका वाटीवरून जे झाले, ते ऐकले की तुम्हालाही वाटेल, हा विषय इतिहासाच्या तासाला घ्यायला हरकत नाही.

आमचे घर बडोद्याचे. गौरी थोरल्या काकांकडे बसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला आम्ही चार गावांहून जमतो. पुरण, सोळा भाज्या, आमटी हे काकूंच्या हातचे. डावी बाजू मात्र आम्ही वाटून घेतो. एकीने चटणी आणायची, एकीने पंचामृत, मी खमंग काकडी. गेल्या वर्षी चुलत भावाची बायको पहिल्यांदाच आली. तिचे माहेर कुंभकोणमचे, तंजावरी मराठी. घरात मराठी, दारात तमिळ, अशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. तिने एका पातेल्यात दह्यात कालवलेले काहीतरी पांढरट, वरून मोहरीची फोडणी घातलेले आणले आणि म्हणाली, "ही आमच्याकडची डांगर पचडी."

आमच्या आत्याने वाटीत डोकावून पाहिले. आत्याचे वय ऐंशीच्या पुढे आणि सोवळ्याओवळ्यात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "अगं सूनबाई, गौरींच्या पानात ही मद्रासी कोशिंबीर कशाला? राहू दे, आपण रात्री खाऊ." वहिनी काही बोलली नाही. पातेले उचलून तिने ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि पुढे तासभर ती पाने पुसत बसली. मला ते लागले. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले आणि त्या क्षणी मला दोन वाक्ये बोलता आली नाहीत. तेव्हा बोलायला हवे होते ते आज बोलते.

आधी पान कसे वाढतात ते आठवा. वर मधोमध मीठ. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, मग चटणी, लोणचे, कोशिंबीर, पंचामृत. उजवीकडे भाज्या, आमटी. खाली भात, त्यावर वरण. जेवणारा उजव्या हाताने जेवतो, म्हणून पोटभरीचे ते उजवीकडे आणि बोटाने चाखायचे ते डावीकडे. डाव्या बाजूचे पदार्थ चमचाभरच वाढतात, मागितल्याशिवाय पुन्हा येत नाहीत, आणि तरी ते नसले तर पान उघडे वाटते. आंबट, तिखट, तुरट, कडू या चवींची सोय इथेच असते. पुरणपोळीच्या गोडावर चिंचगुळाचे पंचामृत चाटले की पुढची अर्धी पोळी जाते, हे तुम्ही अनुभवलेले आहेच.

आता प्रश्न असा, की या बाजूचे 'आपले' म्हणजे नेमके काय? माझ्याच खमंग काकडीपासून सुरुवात करते. काकडी चोचवायची, पाणी काढायचे, दाण्याचे कूट, लिंबू, साखर, खोबरे, वरून तुपाची फोडणी आणि हिरवी मिरची. आत्याच्या दृष्टीने याहून मराठी काही नाही. पण शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडे त्याची मोठी शेती एकोणिसाव्या शतकात पसरली. मिरचीही अमेरिकेचीच. ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, सुंठ. 'मिरची' हे नावच मिऱ्यावरून पडले आहे, नव्या तिखटाला जुन्या तिखटाचे आडनाव मिळावे तसे. टोमॅटोची कोशिंबीर तर आणखी अलीकडची. म्हणजे जिला कोणी पानातून उठवत नाही त्या माझ्या काकडीत दोन परदेशी पाहुणे आहेत, आणि जिला उठवले त्या डांगरात मुख्य जिन्नस दोनच: उडीद आणि दही.

उडीद आणि दही ही जोडी केवढी जुनी आहे बघा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठी आणि कानडी मुलूख तेव्हा एकाच छत्राखाली होता. त्या ग्रंथातल्या अन्नभोगाच्या भागात वडे दह्यात भिजवून खाण्याचा प्रकार आलेला आहे. वडा तळायचा सोडून उडीद भाजून दळले आणि दह्यात कालवले की डांगराच्या जवळ आपण येऊन पोचतो. एकातून दुसरे निघाले असे मी म्हणत नाही, एवढेच म्हणते की या जोडीला दख्खनमध्ये कोणी परके म्हणू नये.

'डांगर' हा शब्द आणखी गंमतीचा. खानदेशात, वऱ्हाडात डांगर म्हणजे लाल भोपळा. देशावर डांगर म्हणजे पापडासाठी भिजवलेले उडदाचे पीठ, जे लाटता लाटता गोळे करून तेलात बुडवून आपण लहानपणी खाल्ले आहे. आणि भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून करायचे तोंडी लावणे, तेही डांगरच. तंजावरकडे हा तिसरा अर्थ गेला आणि तिथे त्याला तमिळ शेपूट जोडले: पचडी. आता ही डांगर पचडी तिथल्या तमिळ घरांतही होते, आणि ती करणाऱ्या कित्येकींना पहिला शब्द मराठी आहे हे ठाऊकही नसते. आपण पाठवलेली वस्तू आपल्याच दारात परत आली आणि आपण तिला ओळखले नाही, असा हा प्रकार.

तंजावरला मराठी माणूस गेला कसा? शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, यांच्या हाती १६७५-७६च्या सुमारास तंजावर आले. तिथपासून १८५५मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा करेपर्यंत जवळजवळ १८० वर्षे कावेरीच्या काठी भोसल्यांची गादी होती. राजाबरोबर कारकून गेले, शास्त्री गेले, शिलेदार गेले, आणि या सगळ्यांची स्वयंपाकघरे गेली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा भलामोठा मराठी शिलालेख आजही उभा आहे. तो पाहायला मी गेले होते तेव्हा मान दुखेपर्यंत वाचत राहिले.

पण भिंतीवर राजांची नावे असतात, वाटीतले नसते. ते शोधायला दोन पोथ्या आहेत. रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्ये, भाज्या, पक्वान्ने यांचे गुणदोष त्यात आहेत, आणि शास्त्रीबुवा संस्कृत लिहिता लिहिता देशी नावेही देतात, कारण नुसत्या संस्कृत नावाने वाचणाऱ्याला पदार्थ ओळखू येणार नाही. या रघुनाथपंतांचा तंजावरशी संबंध होता, एकोजीराजांची राणी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी त्यांच्यावर बारकाईने लिहिले आहे. दुसरी पोथी 'शरभेंद्र पाकशास्त्र'. शरभेंद्र म्हणजे दुसरे सरफोजी, ज्यांनी १७९८ ते १८३२ राज्य केले आणि सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. त्यांच्या मुदपाकखान्यातल्या कृतींची ही मराठी पोथी. पुण्यात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून निघाले १८७५मध्ये. त्याच्या कितीतरी आधी कावेरीकाठी मराठीत पाककृती लिहिल्या जात होत्या. हे मला पुणेकरांना सांगायला नेहमीच आवडते.

सांबाराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आमसुले संपली, चिंच घातली, पाहुणे आले होते संभाजीराजे, म्हणून नाव सांबार. गोष्ट छान आहे, पण तिला त्या काळचा कागद नाही, म्हणून मी ती पुरावा म्हणून वापरत नाही. पिटलै, रसवांगी ही तिथली नावे मला जास्त बोलकी वाटतात. पिठले आणि रस-वांगी हे शब्द ऐकल्यावर कोणत्या मराठी माणसाला कागद लागेल?

आणि कोशिंबीर? कर्नाटकात रामनवमीला पानकाबरोबर कोसंबरी देतात, भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे. तमिळनाडूत तीच कोसुमल्ली होते. आपण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर कैरीची डाळ देतो. भिजवलेली कच्ची डाळ, आंबट, खोबरे, फोडणी. महिना आणि पदार्थाचा सांगाडा तिन्हीकडे एक. शब्द कोणी कोणाकडून घेतला यावर भांडता येईल, पण खरे तर चैत्रातले ऊन सगळ्यांना सारखेच लागते.

बडोदेकरांना तर तंजावर परके म्हणायचा अधिकारच नाही. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८चा, कुंभकोणमचा, म्हणजे आमच्या वहिनीच्याच गावचा. तंजावरी मराठी घराणे. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून ते १८७५मध्ये बडोद्याला आले आणि सात वर्षे त्यांनी हे राज्य सांभाळले. १८८०मध्ये सयाजीराव महाराजांचे पहिले लग्न झाले ते तंजावरच्या मुलीशी. त्या पहिल्या चिमणाबाई राणीसाहेब. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि वादक आले आणि बडोद्याच्या दरबारात भरतनाट्य रुजले. नाचणाऱ्यांची नोंद सगळे देतात. राणीसाहेबांच्या पानात डावीकडे काय वाढत होते ते मात्र कोणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही.

मग आत्याला 'आपले' आणि 'मद्रासी' हा भेद कुठून आला? माझे मत सांगते. लहानपणी आईच्या हाताखाली शिकणे कमी झाले आणि पुस्तकावरून शिकणे वाढले. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. परगावी जाणाऱ्या किती मुलींच्या ट्रंकेत ती गेली असेल! माझ्याही गेली, आणि तिने माझी अब्रू राखली, हे कबूल करते. पण छापील पुस्तकाची एक खोड असते. पुणे-मुंबई-सांगलीचे जे असेल ते मराठी ठरते आणि सीमेबाहेरच्या मराठी घरांचे उरलेसुरले 'तिकडचे' होते. इंदूर, ग्वाल्हेर, सागर, झाशी, काशी, तंजावर, सगळीकडच्या घरांनी हे ऐकून घेतले आहे. वाराणसीच्या घाटांवर राहणाऱ्या मराठी घरात तुम्ही जेवला असाल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते.

उलट जुने जपायचे म्हटले तर श्राद्धाचे पान बघावे. अनेक घरांत तिथे अजूनही बटाटा, टोमॅटो, कोबी चालत नाही, आणि आमसुलाची चटणी लागतेच. सणाचे पान नवे चटकन घेते, पितरांचे पान घेत नाही. आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं, मग गौरींना काय पितरांचं वाढू?" मला उत्तर सुचले नाही.

आता त्या दिवशी पुढे काय झाले ते. नैवेद्य झाला, पंगत बसली. काकू वाढायला उठल्या आणि कोणाला न विचारता ओट्यावरचे पातेले घेऊन निघाल्या. काकूंचे माहेर हुबळीचे, त्यांनी आयुष्यभर "कानडी आमटी" हे ऐकले आहे. प्रत्येक पानात एकेक चमचा डांगर पडले, आत्याच्याही. आत्याने ते शेवटपर्यंत बाजूला ठेवले. ताकभाताच्या वेळी बोट लावले. मग म्हणाली, "आमची आजी करायची असलं काहीतरी. त्यात हिंग जास्त असायचा." आणि पुन्हा वाढायला सांगितले.

कृती विचाराल म्हणून देते. वाटीभर उडदाची डाळ कोरडीच मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा, गार करून बारीक दळा. वाटीभर दही घुसळून त्यात दोन मोठे चमचे पीठ, मीठ, हिंग घाला. गुठळ्या राहू देऊ नका. तुपात किंवा तेलात मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता यांची फोडणी द्या, वर कोथिंबीर. पीठ दही शोषते, तेव्हा आयत्या वेळी कालवा, नाहीतर चमचा उभा राहतो. देशावरच्या घरांत यात कच्चा कांदा घालतात, नैवेद्याला अर्थात नाही.

परवा आत्याचा फोन आला होता. वहिनीचा नंबर हवा होता तिला. "त्या मद्रासिणीला विचारायचंय," म्हणाली, "डाळ सालाची घेते की बिनसालाची."