देवासचा उत्सव आणि रुपेरी पडदा

फिल्म सोसायटीच्या मालिकेत डेव्हिड लीनचा ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) पाहताना रसिकांनी देवासचे स्मरण ठेवावे. धार व देवास ही माळव्यातील पवारांची मराठी संस्थाने. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. तेथे पाहिलेली गोकुळाष्टमी त्याने आपल्या १९२४ च्या मूळ कादंबरीच्या अखेरीस रंगविली. तीत तुकोबांच्या नामाचा गजर आहे. चित्रपटात मात्र तो उत्सव गळला व कथा काश्मिरात संपली. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’चा (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ सालीच गौरव झाला होता. हे दोन्ही चित्रपट एकाच मालिकेत दाखवावेत. म्हणजे पडद्यावरून लोपलेला तो मराठी नामघोष प्रेक्षकांस पुन्हा ऐकू येईल.