रुग्णशय्येपासून अधिष्ठात्याच्या आसनापर्यंत

रुग्णालयाच्या शिळेवर दात्याचे नाव कोरले जाते. ते रुग्णालय अहोरात्र चालते ठेवणाऱ्यांची नावे मात्र काळाच्या ओघात विस्मृतीत जातात. खाटा, औषधे, परिचारिकांच्या पाळ्या, स्वयंपाकघर आणि हिशेब यांचा मेळ घालणे हेही रुग्णसेवेचेच अंग होय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परिचारिकेने ते जगाच्या निदर्शनास आणले. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये, त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावत होते. स्वच्छता, आहार आणि काटेकोर नोंदी यांचे महत्त्व त्यांनी पुढे आयुष्यभर प्रतिपादिले.

आपल्या देशातील प्रश्न काहीसा निराळा होता. ब्रिटिश अमदानीत सरकारी वैद्यकीय संस्थांतील वरिष्ठ पदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय डॉक्टराने रोगी तपासावेत, कारभार मात्र इतरांनी पाहावा, अशी जणू रीतच पडली होती. या पार्श्वभूमीवर सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना घातलेली अट ऐतिहासिक ठरते. तेथील अध्यापक सरकारी सेवेबाहेरील सुयोग्य भारतीयच असावेत, असा त्यांचा आग्रह होता. परळ येथे हे महाविद्यालय आणि महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय १९२५-२६ मध्ये उभे राहिले आणि डॉ. जीवराज मेहता त्यांचे पहिले अधिष्ठाता झाले. १९४२ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या या पुरुषाची प्रशासकीय जडणघडण रुग्णालयाच्या कारभारातही झाली, हे विसरता येणार नाही.

याच नावाच्या पुण्यातील रुग्णालयाची कथाही तितकीच बोधप्रद आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये तेथे रुजू झाल्या, तेव्हा ते अवघ्या ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांच्या कारकिर्दीत ते सुमारे ५५० खाटांचे सर्वोपचारी रुग्णालय झाले. परंतु त्यांची दृष्टी खाटांच्या संख्येवर थांबली नाही. जो रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याचे काय, या प्रश्नाने त्यांना पुण्याजवळच्या वढू गावी नेले. १९७० च्या दशकात तेथे त्यांनी गावातीलच माणसांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्याचे कार्य उभारले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

डॉक्टर व्यवस्थापक झाला की त्याचा रुग्णांसाठीचा वेळ घटतो, ही हानी खरीच. शिवाय निष्णात शल्यविशारद हिशेबात व मनुष्यबळाच्या नियोजनातही निष्णात असेलच, असे नाही. ती विद्या त्याला वेगळी शिकावीच लागते. तथापि प्राणवायू कमी पडल्यास काय घडते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, तो खर्चाला कात्री लावताना ती कोठे लावू नये, हे जाणतो. मुंबईच्या त्या विश्वस्तांनी धन दिले आणि कारभाराची खुर्ची योग्य हाती जावी, हेही पाहिले. रुग्णालय उभारू इच्छिणाऱ्या प्रत्येक विश्वस्त मंडळाने हा धडा ध्यानी ठेवावा.