इंग्रजी खणांतले मराठी खिळे

आमचे अण्णा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. मुलुंडहून सकाळची लोकल गाठायची, दिवसभर खिळे जुळवायचे आणि रात्री पानावर बसले की त्या खिळ्यांच्याच गोष्टी सांगायच्या, असा त्यांचा क्रम. १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींविषयी तर ते घरच्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे तसे बोलत. "खिळा ज्याच्या त्याच्या खणात हवा," हे त्यांचे पालुपद.

२००२ साली त्यांच्या आठवणींची वही मी मोठ्या हौसेने इंटरनेटवर चढवली. त्यासाठी पदरमोड करून मराठी फॉन्ट विकत घेतला. बोरिवलीच्या भाचीने गूगलवर आजोबांचे नाव टाकले, तर काही नाही! "मामा, आजोबा सापडतच नाहीत," असा तिचा फोन. अण्णा तेव्हा ऐंशीचे. ते काही बोलले नाहीत. वही मात्र परत मागून घेतली.

कारण शोधू गेलो तेव्हा जो प्रकार कळला, तो अण्णांच्या धंद्यातलाच निघाला. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जुन्या व्यवस्थेत हे क्रमांक जेमतेम २५६, आणि तिथे रोमन लिपी आधीच ठाण मांडून बसलेली. आपल्या फॉन्टवाल्यांनी मग शक्कल काढली : ए, बी, सी यांच्याच खणांत आपली अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या भरल्या. पडद्यावर मराठी दिसे. पोटात मात्र रोमन अक्षरांचा कचरा. शोधयंत्र अक्षराचे वळण पाहत नाही, क्रमांक वाचते. त्याला अण्णांचे नाव दिसावे कसे? त्यातून प्रत्येक कंपनीच्या खणांची मांडणी निराळी! मराठी दैनिकांच्या इंटरनेटवरील सुरुवातीच्या आवृत्त्याही बहुधा अशाच फॉन्टांवर चालत, तेव्हा आम्ही काही एकटेच शहाणे नव्हतो.

मौज अशी की, औषध रोगाच्या आधीच तयार होते. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला होता. 'क'चा क्रमांक २३२५, तो साऱ्या जगात तोच. पण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय व्हायला २००० साल उजाडले, आणि मराठी विकिपीडिया सुरू झाला तो १ मे २००३ रोजी.

२००७च्या दिवाळीच्या सुट्टीत भाची आणि मी कामाला बसलो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसे, युनिकोडात ती नंतर येते. रूपांतराच्या प्रोग्रॅमने त्यावर कोण गोंधळ घातला! शेवटी निम्मी वही हातानेच पुन्हा टंकली.

तरीही अण्णा सापडेनात. भाचीने घरभर झडती घ्यावी तशी फायलींची झडती घेतली आणि एक चिमुकली फाईल काढली : रोबॉट्स डॉट टीएक्सटी. शोधयंत्रांनी कुठे यावे, कुठे येऊ नये, हे दारावर लिहून ठेवण्याची ही रीत मार्टाइन कोस्टर या डच गृहस्थाने १९९४ साली सुचवली. जुळवाजुळव चालू असताना मीच तिच्यात 'कोणीही आत येऊ नये' अशा अर्थाची ओळ घातली होती आणि साफ विसरलो होतो. भाचीचे तेव्हाचे हसणे मला अजून आठवते.

ओळ काढली. तीनेक आठवड्यांनी भाचीने अण्णांना संगणकासमोर बसवले, त्यांचे नाव टंकले, आणि पहिल्याच ओळीत ते आले. अण्णांनी चष्मा मागितला. बराच वेळ वाचत राहिले. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, "गिऱ्हाईकातला 'ऱ्हा' चुकलाय."