जुन्या गिटारचे संगीत : अस्सल प्रत कुठे मिळते?

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांत आता एक तरी गिटार आहे. मुले क्लासला जातात, परीक्षा देतात आणि कधीतरी ‘कनारिओस’सारखी सतराव्या शतकातली स्पॅनिश रचना वाजवू लागतात. माझ्या नातीने या रचनेच्या इंटरनेटवरून उतरवलेल्या तीन प्रती आणल्या, तर तिन्हींत सूर वेगळे! मूळ व्हाउचर पाहिल्याखेरीज सही करायची नाही, ही बँकेतली सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. म्हणून शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

आधी गिटार कोणती ते ठरवा

‘जुनी गिटार’ हे एक वाद्य नाही. सोळाव्या शतकात तिला तारांचे चार जोड असत. या गिटारचे पहिले छापील संगीत अलोन्सो मुदार्रा याच्या 1546 साली सेव्हिल येथे निघालेल्या पुस्तकात आहे. पुढे 1551 पासून पॅरिसमध्ये ल रवा आणि मोर्ले यांची पुस्तके निघाली. सतराव्या शतकात पाच जोडांची गिटार प्रचलित होती. कोर्बेता, गास्पार सान्स (1674) आणि रोबेर द व्हिझे (1682 व 1686) हे तिचे मोठे रचनाकार. सहा एकेरी तारांची गिटार 1800 च्या सुमारास रुळली. सोर आणि ज्युलियानी हे त्या काळातले. ‘विहुएला’ हे गिटारसारखे दिसणारे पण वेगळे स्पॅनिश वाद्य. तिची छापील पुस्तके 1536 ते 1576 या काळातली सातच आहेत.

मूळ प्रती कुठे पाहाव्यात

मोठ्या ग्रंथालयांनी मूळ पानांची छायाचित्रे विनामूल्य उपलब्ध केली आहेत. स्पॅनिश पुस्तकांसाठी माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह पाहावा. फ्रेंच पुस्तकांसाठी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गालिका’ संग्रह आहे. एकोणिसाव्या शतकातील गिटारसाठी स्टॉकहोमचा ‘बोइये संग्रह’ म्हणजे खजिनाच. कार्ल ऑस्कर बोइये या स्वीडिश गृहस्थांनी जन्मभर जमवलेले संगीत त्यात आहे. कोपनहेगनच्या राजकीय ग्रंथालयातही रिशेल आणि बिर्केट-स्मिथ यांचा असाच संग्रह आहे. ‘आयएमएसएलपी’ या संकेतस्थळावर सगळे एकत्र सापडते, पण तिथे मूळ छापील पान आणि कोणी हौशी माणसाने नव्याने टाइप केलेली प्रत शेजारीशेजारी असतात. नोंद वाचूनच उतरवावे.

मूळ पान वाचताना होणारी फसगत

पहिली चूक माझीच झाली. सान्सच्या पुस्तकातील टॅब मी आजच्या टॅबसारखी वाचली आणि नातीला उलटेच सूर सांगितले. त्या इटालियन पद्धतीत सर्वांत खालची रेघ म्हणजे सर्वांत उंच सुराची तार. फ्रेंच पद्धतीत आकड्यांऐवजी अक्षरे असतात : ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिला फ्रेट.

दुसरी गफलत कॉर्डची. पाच जोडांच्या गिटारसाठी लिहिलेली मोठी अक्षरे आजच्या कॉर्डची नावे नव्हेत. तिथे ‘ए’ म्हणजे जी मेजर, ‘बी’ म्हणजे सी मेजर आणि ‘सी’ म्हणजे डी मेजर.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकेक तार छेडून वाजवायच्या नाजूक कामासाठी सान्स चौथ्या आणि पाचव्या जोडाला जाड खर्जाच्या तारा न लावता बारीक तारा लावायला सांगतो. म्हणजे हे जोड खर्जात न जाता वरच्या सप्तकात वाजतात. आजच्या गिटारसाठी उतरवून घेणारा तेच सूर खाली नेतो आणि सलग चाल तुटक ऐकू येते. नातीच्या प्रतींमधला बराचसा फरक इथूनच आला होता.

प्रत घेण्यापूर्वी तीन प्रश्न

मूळ पुस्तकाचे नाव, साल आणि पान दिले आहे का? मूळ टॅब सोबत छापली आहे का? संपादकाने स्वतः घातलेले सूर वेगळे दाखवले आहेत का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर पैसे खर्च करावेत. नुसत्या रचनाकाराच्या नावावर जाऊ नये. सेगोव्हियासारख्या थोर वादकाने वाइसच्या नावावर वाजवलेली ए मायनरमधील रचना प्रत्यक्षात विसाव्या शतकातील मेक्सिकन संगीतकार मानुएल पोन्से यांची होती!

मूळ पानाशी ताडून पाहिल्यावर नातीच्या तीनपैकी एकच प्रत टिकली. चुकीचे पाठ झालेले विसरायला तिला महिना लागला. म्हणून सांगणे एवढेच, की बोटांना वळण लागण्याआधी कागद तपासा.