नाईक यशवंत घाडगे : एक सैनिक आणि त्याचे दप्तर

दिनांक १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूचे एक मशीनगनचे ठाणे एकट्याने घेतले आणि त्याच ठाण्यात त्यांना मरण आले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. या कामगिरीबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ही हकीकत महाराष्ट्रात अपरिचित नाही. परंतु ती जशी सांगितली जाते तशी ती एका दिवसाची, किंबहुना काही क्षणांचीच हकीकत आहे. बावीस वर्षांच्या आयुष्यातील तेवढेच क्षण इतिहासाच्या हाती का लागावेत, आणि ते कोणाच्या भाषेत लागावेत, या प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगावच्या परिसरात झाला. कोकण आणि देश हे दोन प्रदेश मराठा पलटणींच्या भरतीचे जुने क्षेत्र होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढवय्या जातींच्या सिद्धान्ताने उत्तरेकडील जमातींना अग्रस्थान दिले आणि मराठा सैनिकाची प्रतिष्ठा उणावली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या रणभूमीवर ती पुन्हा प्रस्थापित झाली. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणी एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री बनविण्यात आली. तिची तिसरी पलटण म्हणजेच पूर्वीची एकशे दहावी मराठा पलटण होय.

दुसऱ्या महायुद्धात या पलटणीने मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरी लढाईत मोठी कामगिरी केली. त्या वेळी तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती झाले, आणि ही पलटण त्याच डिव्हिजनमध्ये लढली. ४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. २० जूनला पेरूजा पडले. जर्मन सैन्य उत्तरेकडील गॉथिक तटबंदीकडे हळूहळू मागे सरत होते, आणि मागे सरताना प्रत्येक टेकडी, प्रत्येक वाडी लढवीत होते. अशा युद्धात मोठ्या सैन्याची गती अखेर दहाबारा माणसांच्या तुकडीवर अवलंबून राहते. कारण लपविलेली एक मशीनगन सबंध कंपनीला जागच्या जागी खिळवून ठेवू शकते.

घाडगे यांच्या तुकडीवर असाच प्रसंग आला. नोव्हेंबर १९४४ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या प्रशस्तिलेखानुसार, अगदी जवळून झालेल्या माऱ्यात नायकाखेरीज तुकडीतील सर्वजण ठार अथवा जखमी झाले. तेव्हा घाडगे टॉमीगन झाडीत एकटेच पुढे धावले. त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालविणारा यांना निकामी केले व आणखी एकास गोळीने मारले. काडतुसांचे घर बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठार केले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या.

या लेखाच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु त्याचा प्रकार ओळखला पाहिजे. प्रशस्तिलेख हा चरित्रलेख नव्हे. सन्मानास पात्र ठरणारी कृती सिद्ध करणे हे त्याचे प्रयोजन असते, आणि त्या प्रयोजनाबाहेरचे सर्व तो सोडून देतो. सोबत येण्यास कोणी उरले नाही हे पुरते जाणून घाडगे पुढे गेले, असे तो म्हणतो. मृत मनुष्याच्या मनाविषयीचे हे विधान त्याच्या कृतीवरून काढलेले अनुमान आहे. अनुमान रास्त असेल; तरी इतिहासाच्या अभ्यासकाने ते अनुमान म्हणूनच वाचावे. दुसरे असे की, 'ठार अथवा जखमी' या शब्दांत तुकडीतील इतर माणसे एकाच वाक्यात येतात आणि त्याच वाक्यात नाहीशी होतात. एकाचे शौर्य उठून दिसावे म्हणून बाकीचे केवळ पार्श्वभूमी होतात. हा लेखकाचा दोष नसून लेखप्रकाराचा स्वभाव आहे.

भाषेच्या दृष्टीनेही हे दप्तर विचार करण्यासारखे आहे. 'नाईक' हा शब्द संस्कृत 'नायक' पासून आलेला. शिवकालीन पायदळात सुमारे दहा पाईकांवर एक नाईक आणि अशा नायकांवर हवालदार अशी उतरंड होती. इंग्रजी लष्कराने हे शब्द उचलले. आणि विसाव्या शतकातही नाईक साधारण तेवढ्याच माणसांचा म्होरक्या राहिला. पद मराठी कानाला परिचित असले तरी दप्तर मराठी नव्हते. हिंदी लष्कराच्या व्यवहाराची भाषा रोमन लिपीत लिहिलेली हिंदुस्थानी होती, वरिष्ठांची टिपणे इंग्रजीत होती. ज्या भाषेत या सैनिकांनी बालपण घालविले, ती त्या दप्तरात बहुतांशी विशेषनामांच्या रूपानेच उरली. आणि तीही रोमन अक्षरांच्या गाळणीतून, जिच्यात 'ट' आणि 'त', 'ळ' आणि 'ल' यांचा भेद टिकत नाही.

तथापि नाव उरणे हीसुद्धा सामान्य गोष्ट नव्हे. याच पलटणीच्या आदल्या युद्धाकडे पाहावे. एकशे दहावी मराठा पलटण कूत येथील वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर अज्ञात असलेल्या सैनिकांचे स्मारक बसरा येथे उभारले गेले. त्याच्या शिलापटांवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हवालदार, नाईक व शिपाई यांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. म्हणजे १९१६ मधील एखादा नाईक तेथे एका आकड्याचा अंश आहे. १९४४ मधील नाईक घाडगे यांचीही कबर ज्ञात नाही. पण कासिनो येथील स्मारकावर, चार हजारांहून अधिक नावांमध्ये, त्यांचे नाव आहे. अठ्ठावीस वर्षांत घडलेला हा फरक शिपायाच्या शौर्यातील नाही, शिपायाकडे पाहणाऱ्या दृष्टीतील आहे.

घाडगे यांचा पुतळा माणगावात आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतील माँटोने या गावी त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र बसविण्यात आले. पराक्रमाला स्मारक मिळते ते योग्यच होय. परंतु दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्करात सुमारे पंचवीस लक्ष माणसे होती. त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला ना पदक आले, ना प्रशस्तिलेख. त्यांचा इतिहास लिहावयाचा तर वेगळी साधने हाताळावी लागतील.

खानदेशातील विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. पिंप्राळा हे आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अशा गावातील सैनिकाचा शोध घेताना १९०६ पूर्वीच्या कागदांत जिल्हा 'खानदेश' असेल, नंतरच्या कागदांत 'पूर्व खानदेश', आणि १९६० नंतर 'जळगाव'. गावाच्या नावातील 'ळ' रोमन लिपीत हरवलेला असेल, म्हणून पिंप्री, पिंपळे अशा जवळच्या नावांशी त्याची गल्लत होऊ शकेल. घरात अहिराणी बोलणाऱ्या सैनिकाची बोली लष्करी कागदांवरून कळेलच असे नाही. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मात्र पुष्कळदा पित्याचे वा पत्नीचे नाव, गाव आणि तालुका सापडतो. त्या ओळीला घरातील जुनी पत्रे, निवृत्तिवेतनाचे कागद आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जोडल्या, तर आकड्यातून माणूस वेगळा काढता येतो.

नाईक घाडगे यांच्या अखेरच्या क्षणांना साक्षीचा कागद लाभला. त्यांच्या तुकडीतील ज्या माणसांना तो लाभला नाही, त्यांचे ऋण मात्र इतिहासाकडे अद्याप बाकी आहे.