चूक कोणाची? छोट्या विमानांच्या इतिहासातील एक धडा

परभणीच्या माणसाने विमानांवर बोलावे, आणि तेही जिनातल्या मजुरांची संघटना बांधण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसासाठी त्या वेळच्या औरंगाबादहून छोटे विमान उडाले, तेव्हा कोरड्या शेताच्या बांधावरून आपण त्याच्या बातमीकडे डोळे लावून बसलो, एवढेच काय ते आपले नाते. पाऊस पडेल काय, हे त्या वेळी सगळ्यांनी विचारले. ढगांच्या पोटाशी जाणारे त्यातले वैमानिक सुखरूप परततील काय, हे आम्हीही विचारले नाही.

या विषयाकडे आम्ही आलो ते एका अपघातामुळे. तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्यातल्याच एका जिनात रात्रपाळीला एका मजुराचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला आणि कोपरापासून गेला. पट्ट्यावरची लोखंडी जाळी दुपारी सफाईसाठी काढलेली होती, ती परत बसवली गेली नव्हती. मालक म्हणाले, मजुराची बेपर्वाई. आम्ही म्हणालो, मालकाची बेपर्वाई. मोर्चा निघाला, तीन दिवस जिन बंद राहिला, अखेर भरपाई मिळाली आणि आम्ही गुलाल उधळला. पुढच्याच हंगामात त्याच पट्ट्याने एका पोराची तीन बोटे नेली. जाळी त्या दिवशीही भिंतीला टेकून उभी होती. घरी येऊन आम्ही आदल्या वर्षीच्या मागणीपत्राची प्रत काढली. तीत अकरा मागण्या होत्या. जाळी रोज कोणी बसवायची आणि ती बसली की नाही हे कोणी पाहायचे, याविषयी एक अक्षर नव्हते.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. त्याच सुमारास विमान-अपघातांच्या चौकशांवरचे एक जुने इंग्रजी पुस्तक हाती आले आणि वाचता वाचता आम्ही थबकलो. अपघात झाला की आम्ही विचारीत होतो, चूक कोणाची? ती चौकशी करणारी मंडळी विचारीत होती, चूक कशामुळे झाली आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून यंत्रात किंवा कामाच्या रीतीत काय बदलावे? तो इतिहास थोडक्यात सांगणे हा आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्र प्रथम उडाले, तेव्हा त्यावर तीन उपकरणे होती : वाऱ्याचा वेग मोजणारे एक, इंजिनाचे फेरे मोजणारे एक, आणि एक थांबघड्याळ. यंत्राची कामगिरी मोजण्याची सोय होती, पण माणसाला बांधून ठेवायला साधा पट्टा नव्हता. पाच वर्षांनी, १९०८ च्या सप्टेंबरात, ऑर्व्हिल राइट यांच्या शेजारी बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज हा विमानाचा पंखा मोडून झालेल्या अपघातात मेला. इंजिनाच्या विमानाने घेतलेला हा पहिला बळी. त्यानंतर कॉकपिटमध्ये, म्हणजे वैमानिकाच्या बैठकीत, ज्या वस्तू आल्या त्यांपैकी पुष्कळ कोणाच्या ना कोणाच्या मरणामागून आल्या.

आपल्याकडे मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाला. तेथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला. पुढे आगाखानांनी बक्षीस लावले : हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधला प्रवास एकट्याने विमानातून प्रथम पुरा करणाऱ्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पींच्या इंजिनाचे प्लग बिघडले होते आणि जादा प्लग जवळ नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. अस्पी थोड्याच फरकाने जिंकले आणि पुढे भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. या गोष्टीत लोक टाटांचे औदार्य पाहतात, आणि ते आहेच. आम्हा यंत्राशेजारी उभे राहणाऱ्यांना तीत आणखी एक गोष्ट दिसते : एकाच्या पेटीत जादा प्लग होते, दुसऱ्याच्या पेटीत नव्हते, आणि शर्यतीचा निकाल त्या पेटीवर लागला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनीच कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले. विमान पस मॉथ जातीचे, एका इंजिनाचे. रेडिओ नव्हता. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. आणि हीच पस मॉथ जातीची विमाने त्या दोन-तीन वर्षांत जगात निरनिराळ्या ठिकाणी हवेतच मोडत होती. अशा अपघातातला चालक बहुधा जिवंत राहत नाही, तेव्हा त्याच्या माथी काहीही मारणे सोपे असते. ब्रिटिश तपासनिसांनी तसे केले नाही. त्यांनी तुकडे गोळा केले, पंखाच्या चाचण्या घेतल्या, आणि अखेर पंखाच्या आधाराला एक छोटी जादा दांडी बसवण्यात आली. आमच्या जिनातल्या जाळीची ती सख्खी बहीण होय.

आता या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट, जिला ना इंजिन आहे ना चाक. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनच्या तळावर बोइंगचे एक नवे प्रचंड विमान लष्कराला दाखवण्यासाठी उडाले, वर चढले आणि कोसळले. दोन माणसे दगावली. चालवणारा मेजर हिल हा निष्णात वैमानिक होता. चौकशीत असे आढळले की जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या झडपा हलू नयेत म्हणून लावलेली अडकण उडण्यापूर्वी काढायची राहिली होती. आमच्याकडे याला बेपर्वाई म्हटले असते आणि कागद मिटला असता. तेथल्या वैमानिकांनी विचार केला की इतक्या कसबी माणसाला जर विसर पडतो, तर हे काम नुसत्या स्मरणशक्तीवर सोडण्याजोगे नाही. त्यांनी कागदावर यादी केली : उडण्यापूर्वी काय पाहायचे, उडताना काय, उतरताना काय. आज जगभरच्या वैमानिकांना अशी यादी वाचूनच विमान हलवायला शिकवले जाते. श्रोत्यांत पूर्णा जंक्शनचे जुने रेल्वेवाले बसले असतील. एकेरी मार्गावर टोकन हातात आल्याखेरीज गाडी पुढे काढायची नाही, हा नियम त्यांना ठाऊक आहे. त्यात ड्रायव्हरच्या हुशारीचा अपमान नाही, तसाच यादीतही नाही.

आपल्या देशात छोटी विमाने बनू लागली त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. गडहिंग्लजजवळच्या हसूरचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात आले. १९५१ साली उडालेले एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आणि १९५८ चे दोन आसनी पुष्पक ही त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले आणि पुष्कळ शिकाऊ वैमानिकांनी त्यावर हात बसवला.

आता छोट्या विमानाच्या मालकाने आज काय सांभाळावे, आणि ते कशामुळे, हे क्रमाने सांगतो.

पहिले, ढग. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने वीस वैमानिकांवर प्रयोग केला. उपकरणांवरून उडण्याचे शिक्षण नसलेल्या या सर्वांना बाहेरचे दिसेनासे झाल्यावर विमान ताब्यात ठेवता आले नाही. सरासरीने १७८ सेकंदांत त्यांचा ताबा सुटला. मनाला वाटते आपण सरळ आहोत, आणि विमान वळत वळत खाली जात असते. म्हणून कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण हवे, ते वाचण्याचा सराव हवा, आणि दोन्ही नसतील तर ढग पाहून परत फिरण्याची अक्कल हवी.

दुसरे, इंधन. काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत मोजपट्टी बुडवून पाहावी. टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढावे. पाणी जड असल्यामुळे खाली वेगळे दिसते. इंधनाचा रंगही पाहावा, कारण भलतेच इंधन भरले गेल्याचे त्यावरून कळते. दमट हवेत तर उकाड्याच्या दिवशीही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते. त्याला गरम हवा देण्याची खुंटी चालते की नाही हे जमिनीवरच तपासावे.

तिसरे, पट्टा. ह्यू डीहेवन नावाचा तरुण १९१७ साली शिकाऊ वैमानिक असताना विमानांच्या टकरीतून वाचला. आपल्या पोटातल्या जखमा पट्ट्याच्या टोकदार बकलामुळे झाल्या, असे त्याच्या ध्यानात आले. मग माणूस अपघातात नेमका कशाने मरतो, याचा अभ्यास त्याने जन्मभर केला. नुसता कमरेचा पट्टा असला की डोके पुढच्या फळीवर आदळते. म्हणून खांद्यावरून येणारा पट्टा हवा, आणि जुन्या विमानात नसेल तर तो बसवून घ्यावा. बैठकीत बाटली, हत्यार असे काही मोकळे ठेवू नये. ते घरंगळत पायाखालच्या पेडलमागे अडकले तर विमान वळत नाही.

चौथे, विषारी वायू. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला याला घेऊन जाणारे एका इंजिनाचे विमान इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्रात पडले. त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ५८ टक्के निघाले. इंजिनाच्या धुरातला हा वायू गळून आत येत होता आणि त्याला वास नसतो. विमानात इशारा देणारे यंत्र नव्हते. खिशात मावेल एवढ्या आकाराचे ते असते.

पाचवे, हाक. १९६७ साली कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एका कुटुंबाचे छोटे विमान पडले. आई आणि शाळकरी मुलगी पन्नासहून अधिक दिवस मोडक्या विमानाजवळ जिवंत होत्या. मुलीने रोजनिशी लिहिली. शोधणाऱ्यांना त्या सापडल्या नाहीत. शिकाऱ्यांना अवशेष दिसले तेव्हा कोणी उरले नव्हते. त्यानंतर अमेरिकेत विमान आपटताच आपोआप संदेश देणारे यंत्र कायद्याने आले. आज ४०६ मेगाहर्ट्झवरचा हा संदेश उपग्रह ऐकतात आणि भारतात इस्रोचे केंद्र तो टिपते. मात्र यंत्राची बॅटरी मुदतीत हवी आणि त्याची नोंदणी हवी. मालकाचा पत्ताच लागला नाही तर शोधात मोलाचा वेळ जातो.

श्रोतेहो, या पाचही गोष्टींच्या मागे कोणीतरी मेलेले आहे, आणि मेलेल्याच्या नावाने बोटे मोडण्याऐवजी कोणीतरी कारण शोधलेले आहे. विमान-अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम तर स्पष्टच सांगतो की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे हा नाही. आपल्या देशात यासाठी २०१२ पासून स्वतंत्र कार्यालय आहे. याचा अर्थ मालकाला माफी, असा कोणी करू नये. भरपाईचा आणि शिक्षेचा दावा कोर्टात चालतो आणि चाललाच पाहिजे. आम्ही तो अजून लढतो. पण कारण शोधणारा कागद आणि दोष ठरवणारा कागद हे दोन वेगळे ठेवावे लागतात. नाहीतर भीतीपोटी कोणी खरे बोलत नाही. आमच्या त्या जिनात जाळी दुपारी कोणी काढली, हे सर्वांना ठाऊक होते. मोर्चाच्या गडबडीत आम्हीही ते दडवले, कारण काढणारा आमचाच सभासद होता.

बोटे गेली त्या हंगामानंतर आम्ही नवे मागणीपत्र लिहिले. त्यात पहिली मागणी पाटीची होती. यंत्राजवळ एक काळी पाटी, तिच्यावर पाच ओळी : जाळी बसली काय, पट्टा ताणलेला आहे काय, बंद करण्याची कळ चालते काय, उजेड पुरेसा आहे काय, सर्व माणसे दूर आहेत काय. पाळीच्या आरंभी एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने हात लावून पाहावे, मगच यंत्र सुरू व्हावे. मालक हसले. मजूरही हसले, दहा वर्षे काम केलेल्याला जाळी शिकवता काय, असे म्हणाले. आम्ही त्यांना मेजर हिलची गोष्ट सांगितली. पाटी लागली. तो जिन चालू होता तोवर त्या पट्ट्याने पुन्हा कोणाला धरले नाही.

हात गेलेला तो मजूर पुढे वॉचमन झाला. लिहिता-वाचता येत असल्यामुळे रात्रपाळीला पाटी वाचण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले. पाचवी ओळ वाचून झाली की तो डावा हात वर करी, आणि मग यंत्र सुरू होई. आपल्या गावोगावी मळणीयंत्रे आहेत, कडबाकुट्टी आहेत, आणि दर सुगीला कोणाचा तरी हात जातो. येथून घरी जाल तेव्हा आपल्या यंत्रापुरत्या पाच ओळी लिहून ते उभे असते त्या भिंतीवर लावा, एवढीच विनंती आहे.