अंशांचा हिशेब

भिलाईच्या रेल मिलमध्ये लाटून निघालेला तांबडालाल रूळ थंड होता होता वाकतो. त्याचा माथा जाड आणि पाया पसरट, पातळ; दोन्ही एका वेगानं निवत नाहीत. मग रोलरांच्या रांगेतून खालीवर दाबत नेऊन त्याला सरळ करतात. १९६० पासून देशभरच्या रेल्वेमार्गांसाठी इथे हेच काम चाललं आहे. असा रूळ डोळ्यांना निर्दोष दिसला, तरी सरळ करताना बसलेला ताण त्याच्या पोटात उरतोच. धातुशास्त्र त्याला अवशिष्ट ताण म्हणतं आणि तो मोजतं, कारण पुढे तडा जाण्याशी त्याचा संबंध असतो. माणसाचा कणा म्हणजे रूळ नव्हे आणि ही तुलना फार ओढण्यात अर्थ नाही. पण एका बाबतीत पोलाद नशीबवान: त्याच्या पोटातला ताण मोजायचं लोकांना सुचलं. ज्या मुलांचा कणा एका बाजूला वळत जातो, म्हणजे ज्यांना स्कोलिओसिस आहे, त्यांच्या उपचारांच्या इतिहासात वळणाचा हिशेब अंशाअंशानं ठेवलेला सापडतो. सरळ करताना मनात काय साठलं, याचा हिशेब फार उशिरा सुरू झाला. हा उशीर केवळ माणुसकीतली उणीव नव्हती. त्यामुळे उपचारही अधुरे राहिले, असं माझं म्हणणं आहे.

या शास्त्राचं नावच सरळपणावरून पडलं. १७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानं ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द घडवला. त्याच्या पुस्तकातलं, खुंटाला दोरीनं बांधलेल्या वाकड्या झाडाचं चित्र आजही अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्था बोधचिन्ह म्हणून मिरवतात. पुस्तक आईबापांसाठी होतं आणि त्यात बसण्या-उठण्याच्या सवयींवर मोठा भर होता. आपल्या घरांत तो भर आंद्रीला न विचारताच आलेला आहे: ‘पोक काढू नकोस’, ‘ताठ बस’. किशोरवयात दिसणाऱ्या बहुतेक स्कोलिओसिसचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, आणि दप्तर एका खांद्याला अडकवल्यानं किंवा वाकून बसल्यानं तो होत नाही, असं वैद्यक सांगतं. तरी बोल आधी मुलीच्या सवयींना लागतो, मग आईच्या दुर्लक्षाला.

मराठीनं तर कण्याला चारित्र्यच बहाल केलं आहे. कणा नसलेला म्हणजे लाचार, ताठ कण्याचा म्हणजे स्वाभिमानी. वाकडी नजर, वाकडं बोलणं, वाकड्यात शिरणं, यांतलं एकही वाकडेपण चांगलं नाही. जुन्या कथांनाही वाकडा देह तसाच ठेवणं जमलं नाही. मथुरेच्या कुब्जेला कृष्ण हनुवटी धरून सरळ करतो. अष्टावक्रानं जनकाच्या दरबारात वाद जिंकला, तिथे गोष्ट संपायला हरकत नव्हती; पण महाभारतात शेवटी त्यालाही समंगा नदीत उतरवून सरळ केलं आहे. अशा भाषेत वाढलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ‘तुझा कणा वाकडा आहे’ हे वाक्य निदानापेक्षा शेऱ्यासारखं ऐकू आलं, तर नवल नाही.

मोजमाप विसाव्या शतकात आलं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी एक्स-रेवर वळणाचा कोन काढण्याची रीत मांडली. ती आजही चालते. त्याच दशकात मिलवॉकीत हनुवटीपासून कमरेपर्यंतचा ब्रेस निघाला. ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन पोलिओनं वाकलेल्या मुलांच्या कण्यांना पोलादी दांड्यांचा आधार देऊ लागले आणि १९६२ मध्ये त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर मुलांचे महिने प्लास्टरमध्ये जात. आपल्याकडेही या कामाला रेटा दिला तो पोलिओनंच. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाचं काम उभं केलं. १९५५ मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. भिलाईचा दुर्ग जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सेक्टरांचं आखीव गाव वसलं, शाळा आल्या, सेक्टर ९ मध्ये मोठं रुग्णालय उभं राहिलं. कामगाराच्या मुलाबाळांचा उपचार नोकरीबरोबर मिळू लागला, ही त्या काळी फार मोठी गोष्ट. पण कण्याच्या उपचाराची व्याख्याच तेव्हा जगभर हाडापाशी संपत होती. अमेरिकेत स्कोलिओसिसच्या तज्ज्ञांची संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. स्वतःचं रूप तुला कसं वाटतं, मन खचलेलं असतं का, असं रुग्णाला विचारणारी तिची प्रश्नावली यायला मात्र १९९९ उजाडलं. पुढे ती २२ प्रश्नांची झाली.

शल्यचिकित्सक म्हणतील: वळण फार वाढलं तर छातीचा पिंजरा आवळतो, फुप्फुसं दबतात, आधी कोन, मन नंतर. भीती खरी आहे, क्रम मात्र पुराव्याला धरून नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस घेतलेल्या ७२ टक्के मुलांचं वळण शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेलं नाही. नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारे सेन्सर होते, त्यामुळे कोणी किती तास घातला हे लपत नव्हतं. दिवसाला सुमारे १३ तासांहून अधिक घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांवर गेलं. सहा तासांच्या आत घालणाऱ्यांना जवळजवळ काहीच फायदा दिसला नाही. औषधाची मात्रा इथे तासांत आहे आणि ती रोज मुलगीच ठरवते. भिलाईच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, गणवेशाखाली कडक प्लास्टिक आवळून तिला वर्गात बसायचं असतं. कॉबचे तीस अंश आणि हवेचे पंचेचाळीस एकाच अंगावर. मधल्या सुट्टीत तिनं तो पट्टा सैल केला, तर त्याला हट्ट म्हणणं सोपं; पण मग तिच्या लाजेची आणि उकाड्याची दखल न घेणाऱ्या उपचारानं आपली मात्रा आपणच घटवली, हेही म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे. रूप एवढं जिव्हारी लागत असेल तर शस्त्रक्रिया करून मोकळं व्हावं, मन आपोआप सावरेल. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना आपलं रूप पटू लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि मोठ्या वळणाला तीच लागते. परंतु वळण असलेल्या सगळ्यांनाच ती लागत नाही. बहुसंख्यांना आपल्या वळणासकट जगायचं असतं. अशा, उपचार न घेतलेल्या ११७ जणांचा ५० वर्षांनंतरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं रोजचं जगणं इतरांसारखंच चाललं होतं, पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, आणि रूपाची खंत उतारवयातही अनेकांच्या मनात होती. अर्ध्या शतकाच्या संसारानं जी गेली नाही, ती ‘मोठी झालीस की विसरशील’ या धीरानं जाईल असं मानणं भाबडेपणाचं आहे.

राहिला खर्चाचा मुद्दा. जिथे एक्स-रे आणि ब्रेसचेच पैसे जुळवावे लागतात, तिथे मनाच्या चौकशीची चैन कशी परवडणार? पण त्या चौकशीला ना यंत्र लागतं, ना नवी इमारत. तपासणी दर काही महिन्यांनी होतेच. मोठ्या डॉक्टरांसाठी नागपूर गाठणाऱ्या कुटुंबाच्या हातात त्या प्रश्नावलीचा कागद आधी पडला, तर दुर्गहून सुटलेली गाडी राजनांदगावला पोचायच्या आत २२ प्रश्नांची उत्तरं लिहून होतील.